जेवढं मोजलं तेवढंच लिहा

बी.एस्सी.ला केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल केलेल्या प्रत्येकाला सी.बी.आर., म्हणजे कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, माहीत असतो. ब्युरेटचं रीडिंग तीनदा घ्यायचं आणि जुळलेलं कॉन्स्टंट धरायचं. आता आपल्याकडची जर्नलं उघडून बघा. 9.8, 9.8, 9.8. मागच्या बाकावरच्याचंही तेच आणि मागच्या वर्षीच्या बॅचचंही तेच. फिजिक्सला लंबकाचा प्रयोग असतो. गुरुत्वीय त्वरणाचं उत्तर 980 च्या आसपास यायला हवं, म्हणून शेवटाकडून गणित मांडत जायचं आणि दोलनांचा वेळ सोयीचा भरायचा. सर सही करतात, बाहेरून आलेले परीक्षक पानं उलटतात, मार्क मिळतात. तीन वर्षं हे बिनबोभाट चालतं आणि पदवी हातात येते.

यंदा पदवी घेतलेल्या पोरापोरींना मला याच एका सवयीबद्दल सांगायचं आहे.

मी संभाजीनगरजवळच्या वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये क्वालिटीचं काम बघतो. 1985 साली बजाजचा कारखाना इथं सुरू झाला आणि त्याच्या आजूबाजूला आमच्यासारखी कितीतरी युनिटं उभी राहिली. जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडची लेकरं दरवर्षी आमच्याकडं अप्रेंटिस म्हणून येतात. कुणी आयटीआय केलेलं, कुणी डिप्लोमा, आणि आता बी.एस्सी., बी.कॉम. झालेलेही येतात. हुशारीत कुणी कमी नसतं. मायक्रोमीटर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, धरायला आठवडाभरात शिकतात, ड्रॉइंग वाचायला जरा जास्त दिवस लागतात, एवढंच.

अडतं ते इन्स्पेक्शन रिपोर्टवर. समजा 20 मिलिमीटरचा शाफ्ट आहे आणि दोन्हीकडं दोन शतांश मिलिमीटरची सूट आहे. दर तासाला पाच नग उचलायचे, मोजायचे आणि आकडे लिहायचे. मशीनवरचं टूल झिजत जातं तसा शाफ्टचा बाहेरचा व्यास हळूहळू वाढत जातो. म्हणून सकाळी 19.99 दिसतं, जेवणानंतर 20.01 आणि मग ऑपरेटर ऑफसेट देतो, म्हणजे मशीनचं सेटिंग तेवढं सरकवतो, किंवा इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलतो. खरा रिपोर्ट असा वरखाली होणारा असतो. त्याच्यावर एखादा तेलाचा डाग असतो आणि मध्येच पेन बदललेलं असतं. ज्या कागदावर आठही तास 20.00 लिहिलेलं आहे, शाई एक, अक्षराचा तिरकेपणाही एक, तो शिफ्ट संपताना दहा मिनिटांत बसून भरलेला आहे हे मला लांबून कळतं. 9.8, 9.8, 9.8. इथं फरक एवढाच की हा शाफ्ट कुणाच्या तरी गाडीत बसणार आहे.

असा लॉट गेला की कंपनीकडून परत येतो. मग चार माणसं दोन दिवस बसून नगन् नग निवडतात. आणि ज्यानं सही केली आहे, त्याच्या पुढच्या प्रत्येक सहीवर कुणीतरी दुसरा तपासायला बसवावा लागतो.

एका मुलीची गोष्ट सांगतो. परभणी जिल्ह्यातली, शेतकऱ्याची लेक, बोलायला फार नाही. पहिल्याच महिन्यात सेकंड शिफ्टला माल निघायची घाई होती, गाडी दारात उभी होती. सुपरवायझर म्हणाला, ‘मॅडम, मारा सही, माल चांगलाच आहे.’ ती म्हणाली, ‘सर, हा लॉट मी बघितला नाही. वीस मिनिटं द्या.’ तिनं आवाज चढवला नाही, भाषण दिलं नाही. सुपरवायझर चिडला. गाडी वीस मिनिटं उशिरा गेली. माल चांगलाच निघाला, म्हणजे त्या दिवशी तिचं म्हणणं सिद्ध वगैरे काही झालं नाही. पण आज नवा पार्ट सुरू करायचा असला की पहिल्या नगावर तिची सही लागते आणि तोच सुपरवायझर तिला शोधत येतो.

मराठवाड्यात ‘यशस्वी’ कुणाला म्हणायचं हे जवळजवळ ठरून गेलंय. पोस्ट निघाली तो यशस्वी. गावात फ्लेक्स लागतो, मिरवणूक निघते. त्यात आनंदच आहे. जालना जिल्ह्यातल्या रिक्षाचालकाचा मुलगा अन्सार शेख 21 व्या वर्षी यूपीएससी झाला, तेव्हा आम्हा सगळ्यांची छाती फुगली होती. पण 2023 च्या तलाठी भरतीत जागा होत्या 4,644 आणि अर्ज आले 10 लाखांवर. जे राहिले ते नालायक होते का? मुळीच नाही. मला काळजी वाटते ती त्यांच्या अभ्यासिकेतल्या वर्षांची. बाप फोनवर विचारतो, ‘कसं गेलं बाळा?’ आणि पोरगं सांगतं, ‘थोडक्यात हुकलं अण्णा, पुढच्या टायमाला निघतंय.’ खरं तर वीस मार्कांनी हुकलेलं असतं. तिकडं अण्णा सोयाबीनला भाव नसतानाही विकून खोलीचं भाडं पाठवतात. हेही न मोजता लिहिलेलं रीडिंगच आहे, आणि याची किंमत रिजेक्ट झालेल्या लॉटपेक्षा फार मोठी आहे. किती मार्क पडले, कितवा प्रयत्न, अजून किती वर्षं द्यायचा विचार आहे, हे घरी खरं सांगा. आपली माणसं तुम्हाला वाटतं त्याहून घट्ट आहेत. त्यांनी दुष्काळ काढलेत. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते त्यांनी बघितलंय. खऱ्या आकड्यावर त्यांना काहीतरी ठरवता येतं, खोट्या आकड्यावर ते फक्त वाट बघत बसतात.

‘खऱ्याचा जमाना नाही सर’ हे वाक्य मला नेहमी ऐकवलं जातं, आणि मी ते झटकून टाकत नाही. खरेपणा गरिबाला महाग पडतो. ज्याच्या घरी बसून खायची सोय आहे त्याला साहेबापुढं नाही म्हणणं सोपं. ज्याच्या पगारावर बहिणीचं लग्न आणि सोसायटीचं कर्ज आहे, त्याचे पाय लटपटणारच. म्हणून एक अगदी व्यवहाराची गोष्ट सांगतो, जी चारित्र्यावरच्या भाषणांत कुणी सांगत नाही: पहिल्या पगारावर बुलेटचा हप्ता लावून घेऊ नका. चार-सहा महिन्यांचं राशन, खोलीभाडं आणि घरी पाठवायचे पैसे, एवढी रक्कम बाजूला पडेपर्यंत जुनी गाडी चालवा, शेअर रिक्षानं या. खात्यात तेवढे पैसे असले की ‘सर, मी न बघता सही करणार नाही’ हे वाक्य तोंडातून बाहेर पडतं. नसले की घशात अडकतं. कुणी चुकीचं लिहायला सांगितलंच, तर आधी एकदा नीट, मान ठेवून नाही म्हणा. पुन्हा सांगितलं तर ‘मेसेज टाकून ठेवा सर’ म्हणा. बहुतेक वेळा तो मेसेज येत नाही. रोजचंच झालं तर दुसरीकडं काम बघायला लागा, तिथं जुने होऊ नका.

दौलताबादचा किल्ला आपल्या दारातच आहे. तिथं जनार्दनस्वामींकडं असताना संत एकनाथांना हिशेबात एका पैची चूक सापडत नव्हती, म्हणून ते रात्रभर दिवा लावून बसले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. कीर्तनात ती भक्तीच्या एकाग्रतेसाठी सांगतात. मला त्यातला हिशेब जास्त भावतो. एक पै कुणी विचारली नसती. बेरीज सहज जुळवून टाकता आली असती.

आणि या पदवीची किंमतही जरा आठवा. 1950 साली बाबासाहेबांनी संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, विद्यापीठ व्हायला 1958 उजाडलं, नांदेडचं विद्यापीठ तर 1994 चं. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या आजोबांना महाविद्यालयाची पायरी दिसली नाही. त्या कागदावर तुमचं नाव आहे, तर त्याच्यासोबत जाणाऱ्या बायोडाटातली प्रत्येक ओळ तुम्हाला पेलणारी हवी. ‘एक्सेल येतं’ लिहिलंय आणि समोर बसवल्यावर बेरजेचा फॉर्म्युला टाकता येत नाही, असं दर मुलाखतीला घडतं. इंग्रजीचंही तसंच. पाठ केलेली चार वाक्यं म्हणून दाखवायची आणि पुढचा प्रश्न आला की घाम फुटायचा, याची काही गरज नसते. ‘समजतं, बोलताना अडखळतो, शिकतोय’ असं मराठीत सांगितलेल्या मुलाला मी घेतलेलं आहे, आणि आज तो कस्टमरला इंग्रजीत मेल लिहितो.

ज्यांचे निकाल आत्ता लागलेत, त्यांनी आज संध्याकाळी बायोडाटा उघडा आणि जे येत नाही ते खोडा. अर्धं पान राहिलं तरी चालेल, तेवढंच घेऊन या. मायक्रोमीटर धरायला आम्ही शिकवू.