फाटक ‘चालू’ म्हणजे बंद!

एका गावात गाडी लावायला जागा शोधली, त्याचं बिल मला अकरा महिन्यांनी पुण्यात घरी आलं. एक नाही, तीन पाकिटं. पोस्टमनने तीनदा सही घेतली आणि विचारलं, “परदेशातून काही बक्षीस वगैरे का?” हो बाबा, बक्षीसच.

मे २०२३. इटलीतलं फ्लॉरेन्स. आईचे गुडघे दुखतात म्हणून भाड्याने गाडी घेतली, इथेच माझी पहिली चूक. हॉटेल जुन्या शहरात. बुकिंग करताना त्यांनी लिहिलं होतं, ‘पार्किंग जवळच’. जवळच म्हणजे कुठे, ते आजतागायत मला कळलेलं नाही.

तर या जुन्या शहराभोवती झेडटीएल नावाचं प्रकरण आहे. परवानगी नसलेल्या गाड्यांना ठरावीक वेळात आत बंदी. बंदीला माझा विरोध नाही. त्या गल्ल्यांतून टांगा जायचा तिथे माझी डिझेलची गाडी कशाला हवी? पण बंदी आहे तर साखळी लावा, हवालदार उभा करा, कोणीतरी शिव्या तरी घाला! तिथे असतो फक्त एक कॅमेरा, गुपचूप नंबरप्लेटचा फोटो काढणारा. आणि पाटी काय, तर ‘वार्को आत्तीवो’. म्हणजे शब्दशः ‘फाटक चालू आहे’. आता मला सांगा, फाटक चालू आहे म्हटल्यावर मराठी माणूस आत जाईल की बाहेर थांबेल? तर नाही! कॅमेरा चालू आहे, म्हणजे तुम्ही आत यायचं नाही. ‘नॉन आत्तीवो’ असेल तेव्हा खुशाल या. शेजारी लाल दिवा होता असं बायको अजूनही म्हणते. असेल. माझ्या मागे एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून बसला होता, मी दिवे बघू की आरसे?

आत गेलो. एकेरी रस्ते. नकाशावाली बाई म्हणते डावीकडे वळा, डावीकडे चालणाऱ्यांची गर्दी. तिथल्या कॅथेड्रलचा, ब्रुनेलेस्कीने बांधलेला तो जगप्रसिद्ध घुमट मला तीन वेगवेगळ्या बाजूंनी दिसला आणि एकदाही धड बघता आला नाही. प्रत्येक वेळी बाहेर फेकले गेलो, प्रत्येक वेळी दुसऱ्या फाटकातून परत आत. तीन प्रवेश, तीन दंड. मागच्या सीटवरून आई, “अरे, त्या पांढऱ्या रेघांमध्ये लाव की, रिकामी आहे जागा.” इटलीत एरवी पांढरी रेघ म्हणजे फुकट, निळी म्हणजे पैसे, पिवळी म्हणजे राखीव, हे मी पाठ करून गेलो होतो. आणि इथे पांढऱ्या रेघा रहिवाशांच्या! पी-वन पी-टूच्या तारखा तोंडपाठ असलेला पुणेकर मी, माझीही मती गुंग झाली.

शेवटी हॉटेलवाल्याला फोन. तो शांतपणे म्हणाला, “गाडीचा नंबर द्या, आम्ही पालिकेला कळवतो, मग दंड येत नाही.” दिला. कळवला नाही, हे उघडच आहे.

आणि मग हिशोब. दंड प्रत्येकी ८३ युरो, वर टपालाचा आणि कागदपत्रांचा खर्च. पाच दिवसांत भरला तर तीस टक्के सूट. पण त्याआधीच गाडीवाल्या कंपनीने माझ्या कार्डावरून तीनदा पैसे कापलेले. कशाचे? माझं नाव-पत्ता कळवल्याचे! दंड नव्हे हं, तो वेगळा. मला पकडून देण्याची मजुरी माझ्याकडूनच. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांना ३६० दिवसांची मुदत असते, म्हणजे तोवर तुम्ही फोटो अल्बममध्ये लावून सुखात.

पुण्यात टोइंगवाले उचलतात, पण निदान तोंडावर उचलतात. धावत जाता येतं, हुज्जत घालता येते.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? आम्ही ए-वन महामार्गावरून आलो, त्याच महामार्गावर व्हिला कोस्तान्झा नावाचा वाहनतळ आहे. महामार्ग सोडावाही लागत नाही. गाडी लावा, पलीकडे ट्राममध्ये बसा, पंचवीसेक मिनिटांत शहराच्या मुख्य स्टेशनपाशी. आईला बसायला जागासुद्धा मिळाली असती. ती पाटी आम्ही पाहिली होती. मीच म्हणालो होतो, “एवढ्या लांब कोण लावतं गाडी!”