खुलासा: ओक पार्कमध्ये जन्म कुणाचा, वास्तव्य कुणाचं

शिकागोला लागून असलेल्या ओक पार्क या उपनगरात अर्नेस्ट हेमिंग्वे, फ्रँक लॉइड राइट, बेटी व्हाइट आणि पर्सी जूलियन हे चौघेही जन्मले-वाढले, असा संदेश फिरतोय. तो खरा ठरतो फक्त हेमिंग्वेंपुरता.

वास्तुरचनाकार राइट यांचा जन्म विस्कॉन्सिनमधला. ओक पार्कमधलं घर त्यांनी १८८९ मध्ये बांधलं आणि १९०९ मध्ये सोडलं. अभिनेत्री बेटी व्हाइट १९२२ मध्ये तिथे जन्मल्या, पण तान्ह्या असतानाच कुटुंब कॅलिफोर्नियाला गेलं.

जूलियन यांच्याबाबतची चूक सर्वांत गंभीर. अलाबामात जन्मलेल्या या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने १९३५ मध्ये काचबिंदूवरचं फायसोस्टिग्माइन प्रयोगशाळेत तयार केलं होतं. १९५० मध्ये त्यांनी ओक पार्कमध्ये घर घेतलं, तर राहायला जाण्याआधीच ते जाळण्याचा प्रयत्न झाला. जून १९५१ मध्ये घरावर डायनामाइट फेकलं गेलं. तरीही कुटुंब तिथेच राहिलं. त्यांना तिथले भूमिपुत्र म्हटलं की हा संघर्षच पुसला जातो.

हेमिंग्वेंची घरं पाहायला जाणाऱ्यांसाठी: १८९९ चं जन्मघर ओक पार्क अ‍ॅव्हेन्यूवर आहे, १९०६ नंतरचं केनिलवर्थ अ‍ॅव्हेन्यूवर.