गार्ड कामगाराने काढला, तरी प्रश्न मालकालाच

पॉवर प्रेसवरच्या (पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या यंत्रावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: मी अपघातांचं सगळं खापर मालकाच्या माथी फोडलं. तुमच्याकडे गार्ड (हात यंत्रात जाऊ नये म्हणून लावायचं कुंपण) आहेत, हातमोजे आहेत, ट्रेनिंगच्या रजिस्टरवर प्रत्येकाची सही आहे, तरी पोरं गार्ड काढून ठेवतात. वर सगळ्या प्रेसना लाइट कर्टन (हात आडवा आला की प्रेस थांबवणारा प्रकाशकिरणांचा पडदा) लावायचा खर्च लहान कारखानदाराने कुठून करायचा?

गार्ड कामगार काढतात, हे खरंच आहे आणि कायदाही ते धरून चालतो. १९४८ च्या कारखाने अधिनियमात कामगाराने सुरक्षेच्या साधनाशी खेळू नये असं कलम १११ सांगत होतं, आणि कलम १०१ मध्ये मालकाला सुटायची वाटही होती. मात्र आपण पुरेशी दक्षता घेतली आणि घडलं ते आपल्याला माहीत नसताना, आपली मूकसंमतीही नसताना घडलं, हे दोन्ही मालकानेच सिद्ध करायचं. सुपरवायझर दिवसभर फेऱ्या मारतो, भिंतीला टेकवलेला गार्ड त्याला दिसतो आणि तो 'किती झाले?' विचारून पुढे जातो. मग 'माहीत नव्हतं' कसं म्हणणार? भोपाळच्या वायुगळतीनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ७अ मध्ये माहिती, सूचना, प्रशिक्षण आणि देखरेख असे चार शब्द होते. आपल्याकडे तिसऱ्यासाठी सही घेतात आणि चौथा विसरतात. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही हे कर्तव्य मालकाचंच आहे, शिवाय सुरक्षेसाठी दिलेल्या वस्तूचे पैसे कामगाराकडून घेता येत नाहीत. बुटांचे पैसे पगारातून कापणारे हे वाचत असतील अशी आशा आहे.

आता गार्ड का काढला जातो, ते बघा. डायच्या (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्याच्या) इजेक्टरची, म्हणजे पीस बाहेर ढकलणाऱ्या भागाची, स्प्रिंग ढिली पडलेली असते, बर (कापलेल्या कडेचा खरखरीत कंगोरा) वाढलेली असते, पीस डायमध्ये चिकटतो. तो काढायला दर थोड्या वेळाने हात आत घालावा लागतो आणि गार्ड आडवा येतो. टार्गेट मात्र पीस न चिकटता चालणाऱ्या डायचंच असतं. किंवा गार्ड एका डायच्या मापाचा आणि प्रेसवर डाय चालतात दहा. सेटर (डाय बसवणारा कामगार) डाय बदलताना तो सोडतो, नव्या डायला बसत नाही म्हणून तसाच ठेवतो. यातलं काहीही कामगाराला ओरडून सुटत नाही. इजेक्टर दुरुस्त करा, पीस उडवायला हवेचा झोत द्या, हाताऐवजी चिमटा किंवा मॅग्नेट द्या, ब्लँक (कापून आणलेला पत्र्याचा तुकडा) सरकवायला ट्रे लावा. गार्ड पुढेमागे होणारा बनवा आणि तो बसवल्याशिवाय सेटरने प्रेस ऑपरेटरच्या ताब्यात द्यायची नाही, असा नियम करा.

लाइट कर्टनचं कोटेशन घ्यायच्या आधी क्लच बघा, म्हणजे फिरतं चाक रॅमला (डायवर खाली येणाऱ्या वरच्या भागाला) जोडणारा भाग. जुन्या प्रेसमध्ये बहुधा की क्लच असतो. ही की, म्हणजे खुंटी, एकदा गुंतली की रॅम पूर्ण फेरी मारूनच थांबतो, मग कर्टनने हात ओळखून उपयोग काय? शिवाय कीची स्प्रिंग तुटली तर पेडल न दाबताही दुसरा स्ट्रोक येतो. दोन हातांच्या बटणांचाही तिथे भरवसा नाही, कारण तोवर हात बटणावरून निघून पीसपाशी गेलेले असतात. अशा प्रेसला डायभोवती पक्का गार्ड हवा, डायपाशी त्याची फट ६ मिमीपेक्षा जास्त नको. तो लोखंडी पट्टी आणि जाळी वापरून तुमच्याच फॅब्रिकेशनमध्ये होतो. कर्टन एअर फ्रिक्शन क्लचच्या (हवेच्या दाबावर चालणाऱ्या, रॅम मध्येच थांबवता येणाऱ्या) प्रेसला चालतो, पण योग्य अंतरावर. सगळं मिळून थांबायला ०.२ सेकंद लागत असतील, तर १४ मिमी रिझोल्यूशनचा (१४ मिमी जाडीची वस्तूही ओळखणारा) कर्टन डायपासून किमान ४०० मिमी लांब हवा. ब्रेक लायनर झिजला की थांबण्याचा वेळ वाढतो, म्हणून तो वेळ अधूनमधून मोजावा लागतो.

हातमोज्यांचं एका वाक्यात: ते पत्र्याच्या धारेपासून वाचवतात, रॅमपासून नाही, आणि ड्रिल मशीनवर तर ते गुंडाळले जातात म्हणून घालायचेच नाहीत.

ट्रेनिंगचं म्हणाल, तर सही म्हणजे हजेरी. सेटरला काम करून दाखवायला सांगा. मेन स्विच बंद करून कुलूप लावतो का, फ्लायव्हील (प्रेसचं जड चाक) पूर्ण थांबेपर्यंत वाट बघतो का (मोटर बंद झाली तरी ते फिरतच असतं), रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (रॅम खाली येऊ न देणारा ठोकळा) ठेवतो का. ऑपरेटरकडून शिफ्टच्या सुरुवातीला रिकामे स्ट्रोक मारून घ्या. पेडल एकदाच दाबून पायाखालीच ठेवलं, तर स्ट्रोकही एकच यायला हवा. रजिस्टरमध्ये तारीख, प्रेस, शिकवणारा आणि त्याने काय करून दाखवलं, हे लिहा. शिकवणं त्याला कळणाऱ्या भाषेत हवं. नवा डाय आला, माणूस गावाहून महिन्याने परतला, की पुन्हा. ठेकेदाराची माणसं 'आमची नाहीत' हे तर इथे चालतच नाही. प्रेस तुमची, शेड तुमची, जबाबदारीही तुमची.

तुमच्या प्रेसपैकी की क्लचच्या किती आणि एअर क्लचच्या किती, हे कळवा. कर्टन कुठे घ्यायचा आणि कुठे नुसता गार्ड पुरेल, ते त्यानंतरच सांगता येईल.