न्यायमूर्तींना हार घालून झाले असतील तर त्यांचे निकालही वाचूया

एखादे निवृत्त न्यायमूर्ती गेले की वकिलांच्या ग्रुपवर अर्ध्या तासात ठरलेला मजकूर फिरायला लागतो. निःस्पृह, निर्भीड, व्यासंगी, 'रामशास्त्री बाण्याचे', न्यायक्षेत्राची कधीही न भरून येणारी हानी. खाली जोडलेल्या हातांची रांग. मग हायकोर्टात रेफरन्स (कोर्टातली शोकसभा) होतो. चीफ जस्टिसांच्या कोर्टात सगळे न्यायमूर्ती एकत्र बसतात, घरच्या माणसांसाठी पुढच्या खुर्च्या राखलेल्या असतात, ॲडव्होकेट जनरल बोलतात, बारचे अध्यक्ष बोलतात. जन्म कुठला, शिक्षण कुठे, सनद कधी घेतली, कोणाच्या चेंबरमध्ये ज्युनिअरशिप केली, बेंचवर कधी आले, क्रिकेटची आवड होती की नाट्यसंगीताची, हे सगळं येतं. आणि तीस वर्षांच्या कामाबद्दल एक वाक्य येतं : 'त्यांनी अनेक महत्त्वपूर्ण निकाल दिले.'

कुठले? त्या 'अनेक'मधला एखादा तरी सांगा की राव!

माझी तक्रार एवढीच आहे. लेखकाला श्रद्धांजली वाहताना आपण त्याच्या कादंबऱ्यांची नावं घेतो, गवय्या गेला की त्याचा मारवा ऐकतो. न्यायमूर्ती गेले की मात्र त्यांचा स्वभाव आठवतो. स्वभाव चांगला असेलही, पण लोकांच्या आयुष्यावर परिणाम झाला तो त्यांनी लिहिलेल्या पानांचा. ती पानं लॉ रिपोर्टांत, म्हणजे छापील निकालसंग्रहांत, पडून असतात आणि वकील सोडून कोणी तिकडे फिरकत नाही. वकीलसुद्धा बहुतेक वेळा हेडनोट, म्हणजे निकालाच्या डोक्यावरचा सारांश, वाचूनच उठतात, हे आपल्यातच राहू द्या.

आता न्यायमूर्ती पिन्ही हे नाव घ्या. किती जणांनी ऐकलंय? रुखमाबाई सगळ्यांना ठाऊक आहेत. अकराव्या वर्षी लग्न, पुढे नवऱ्याकडे नांदायला जायला नकार, मग १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने लावलेला दावा. तो दावा मुंबई हायकोर्टात पहिल्यांदा चालला रॉबर्ट पिन्ही यांच्यापुढे, सप्टेंबर १८८५ मध्ये. बायकोला नांदायला पाठवा, अशी मागणी करण्याचा मार्गच मुळात विलायतेतून इथे आलाय, हिंदू कायद्यात अशी सक्ती नाही, आणि जी मुलगी त्या माणसाबरोबर कधी राहिलेलीच नाही तिला तिच्या मनाविरुद्ध त्याच्या हवाली करणं रानटीपणाचं होईल, असं त्यांनी स्वच्छ लिहिलं आणि दावा फेटाळला. पुण्या-मुंबईत गहजब झाला. टिळकांचा 'केसरी' तुटून पडला. १८८६ मध्ये अपिलात चीफ जस्टिस सार्जंट आणि न्यायमूर्ती बेली यांनी तो निकाल उलटवला, आणि १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी रुखमाबाईंना सांगितलं, महिन्याभरात नवऱ्याच्या घरी जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. पुढे तडजोड झाली, त्या इंग्लंडला गेल्या, डॉक्टर होऊन परत आल्या.

वकिली भाषेत बोलायचं तर पिन्हींचा निकाल 'मेला'. अपिलात गेला, संपला. रेफरन्सच्या भाषणात असा निकाल कोणी काढणार नाही, कारण उलटलेला निकाल म्हणजे हरलेला निकाल, असं आमच्या व्यवसायात मानतात. पण १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यापर्यंत जी चर्चा पेटत गेली, तिला हवा देणाऱ्या गोष्टींत हे प्रकरण होतं. आणि आज ते वाचताना आपल्याला सार्जंटसाहेबांचा तर्क पटतो की पिन्हींचा, हे सांगायला नको. माझं तर मत आहे, हायकोर्टाच्या न्यायमूर्तींचा वारसा मोजताना त्यांचे उलटलेले निकाल आधी वाचावेत. कायम झालेल्या निकालात वरच्या कोर्टाचं वजन मिसळलेलं असतं. उलटलेल्यात तो माणूस एकटा सापडतो.

रुखमाबाईंच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकिलांत काशिनाथ त्र्यंबक तेलंग होते. १८८९ मध्ये ते स्वतः हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, आणि १८९३ मध्ये वयाच्या अवघ्या त्रेचाळिसाव्या वर्षी गेले. त्यांच्या रिकाम्या जागेवर आले महादेव गोविंद रानडे. रानड्यांबद्दल आपल्याकडे इतकं लिहिलं गेलंय की त्यांच्या नावाआधीचं 'न्यायमूर्ती' जवळजवळ पहिलं नाव झालंय. सामाजिक परिषद, औद्योगिक परिषद, प्रार्थना समाज, १८७८ चं ग्रंथकार संमेलन, रमाबाईंचं शिक्षण. सगळं माहीत. पण हायकोर्टाच्या बेंचवर बसून या माणसाने सात वर्षं काय केलं, असं विचारलं तर भले भले अभ्यासक खाली बघतात. शेतकऱ्यांना सावकाराच्या कचाट्यातून सोडवण्यासाठी १८७९ मध्ये जो कायदा आला, त्याच्या अंमलबजावणीत ते हायकोर्टात येण्याआधी स्पेशल जज म्हणून तालुक्यातालुक्यातले निवाडे तपासत फिरत होते. न्यायाधीश म्हणून त्यांचं सर्वांत जमिनीवरचं काम ते असावं. पुतळ्याखालच्या पाटीवर असलं काही लिहीत नाहीत.

आणि एक अडचणीचं. १८९७ मध्ये टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. मॅजिस्ट्रेटने जामीन नाकारला, म्हणून हायकोर्टात अर्ज गेला. तो ज्या बेंचने फेटाळला, तिच्यावर न्यायमूर्ती पार्सन्स यांच्याबरोबर रानडे होते. प्रकरण सेशनला कमिट झाल्यावर, म्हणजे खटल्यासाठी वरच्या कोर्टाकडे गेल्यावर, टिळकांच्या वतीने दिनशा दावर यांनी पुन्हा अर्ज चालवला, न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांच्यापुढे. तय्यबजींनी जामीन दिला. हेच तय्यबजी दहा वर्षांपूर्वी काँग्रेसचे अध्यक्ष होते, म्हणजे सरकार आपल्याकडे डोळे वटारून बघणार हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. रानडे आणि टिळक यांचं वैर आपल्याकडे चघळून चघळून चोथा झालंय, त्यामुळे मी त्यात पडत नाही. पहिल्या अर्जाच्या वेळी प्रकरण अजून खाली मॅजिस्ट्रेटपुढे होतं, आणि पुन्हा अर्ज करायची वाट त्या बेंचने मोकळी ठेवली होती, हेही ध्यानात घ्यायला हवं. पण रानड्यांचं चरित्र सांगताना ही ऑर्डर गाळायची आणि तय्यबजींचं नाव फक्त टिळकांच्या चरित्रात तळटिपेला ठेवायचं, हे बरोबर नाही.

आता पुढचा भाग बघा. १९०८ मध्ये टिळक पुन्हा राजद्रोहाच्या आरोपावरून मुंबई हायकोर्टात उभे राहिले. समोर खुर्चीत कोण? दिनशा दावर, आता न्यायमूर्ती. अकरा वर्षांपूर्वी ज्याने याच माणसाच्या जामिनासाठी युक्तिवाद केला होता, त्यानेच या वेळी जामीन नाकारला. ज्युरीने ७ विरुद्ध २ मतांनी दोषी ठरवलं आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळक त्या वेळी जे बोलले ते आज हायकोर्टात संगमरवरावर कोरलेलं आहे. ती शिळा १९५६ मध्ये बसवली गेली आणि तिचं अनावरण चीफ जस्टिस छागलांनी केलं. ज्या कोर्टाने शिक्षा दिली, त्याच कोर्टाच्या प्रमुखाने त्या शिक्षेवर इतिहासाचा निकाल वाचून दाखवला. एखाद्या न्यायसंस्थेने आपल्याच निकालाबद्दल इतक्या उघडपणे मान खाली घातल्याची उदाहरणं फार नाहीत.

पण दावर काय निव्वळ खलनायक? तसं मला वाटत नाही. अकरा वर्षांत त्या माणसाला काय झालं, वकील म्हणून जो कायदा एका बाजूने दिसत होता तो खुर्चीत बसल्यावर दुसऱ्या बाजूने कसा दिसायला लागला, हे खरं तर प्रत्येक वकिलाने बेंचवर जाण्याआधी वाचायला हवं. म्हणून दावरही आठवणीत हवेतच.

छागलांचं नाव निघालं म्हणून. १५ ऑगस्ट १९४७ पासून ११ वर्षं ते मुंबईचे चीफ जस्टिस होते. त्यांच्याबद्दल आख्यायिका भरपूर आहेत, त्या बाररूममध्ये ऐकाव्यात. मला त्यांचा एकच निकाल इथे काढायचा आहे : १९५१ चा नरसू अप्पा माळी. बेंचवर छागला आणि गजेंद्रगडकर, म्हणजे दोन तालेवार. मुंबई राज्याने १९४६ मध्ये हिंदूंना दुसरं लग्न करायला बंदी घातली होती, आणि मुसलमानांना मुभा असताना आम्हालाच का, असा प्रश्न होता. दोघांनी कायदा उचलून धरला, छान झालं. पण जाता जाता दोघांनी असंही ठरवलं की व्यक्तिगत कायदा, म्हणजे लग्न-वारशाचा धर्मानुसार कायदा, हा राज्यघटनेच्या अनुच्छेद १३ मधल्या 'कायद्या'त बसत नाही, त्यामुळे मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तो घासता येणार नाही. ते एक वाक्य सत्तर वर्षांहून जास्त काळ सगळ्या धर्मांच्या बायकांच्या वाटेत उभं आहे. २०१८ च्या शबरीमला निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी त्यावर सविस्तर टीका केली, तरी ते अजून कायद्यात टिकून आहे. छागलांसारखा उदारमतवादी माणूस, आणि त्याचा सर्वांत दीर्घायुषी वारसा हा! असल्या गोष्टी जयंतीच्या भाषणात बसत नाहीत, मला कळतं. पण मग ते भाषण छागलांबद्दल नसतं, आपल्या सोयीबद्दल असतं.

उलट बाजूचं उदाहरण नागपूरचं. न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस. १९४६ मध्ये, इंग्रज अजून गेले नव्हते तेव्हा, भगवतीचरण शुक्ला खटल्यात त्यांच्यापुढे वृत्तपत्रातल्या मजकुराचा प्रश्न आला. शब्दांचा परिणाम तोलायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. कमकुवत, डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात संकट शोधणाऱ्या माणसाच्या मापाने नाही, असं त्यांनी लिहिलं. बस, एवढंच. १९८८ मध्ये फाळणीवरच्या दूरदर्शन मालिकेवर बंदी मागणारी याचिका सुप्रीम कोर्टात गेली, तेव्हा हेच माप लावलं गेलं. मार्च २०२५ मध्ये इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करताना सुप्रीम कोर्टाने पुन्हा तेच काढलं. ते नागपूर हायकोर्ट १९५६ मध्ये स्वतंत्र हायकोर्ट म्हणून संपलं, बोस कधीच गेले, आणि त्यांचं वाक्य आजही एखाद्याला जेलबाहेर ठेवतंय. नागपूरकरांनो, तुमच्या मुलांना हे नाव माहीत आहे का?

आणीबाणीची आठवण निघाली की आपण थेट न्यायमूर्ती खन्नांच्या विरोधी मतावर जातो, म्हणजे स्थानबद्धांना कोर्टात दाद मागता येणार नाही असं सुप्रीम कोर्टाने ठरवलं तेव्हा त्यांनी एकट्याने दिलेल्या मतावर. जायलाच हवं. पण त्याआधी देशातल्या नऊ हायकोर्टांनी कैद्यांच्या बाजूने कौल दिला होता हे मागे पडतं. आणि मुंबईत, फेब्रुवारी १९७६ मध्ये, मिनू मसानींच्या मासिकावरच्या सेन्सॉरबंदीचं अपील न्यायमूर्ती मदन आणि न्यायमूर्ती कानिया यांच्यापुढे आलं. सगळ्या वृत्तपत्रांना एकाच वाऱ्याच्या दिशेने शिडं फिरवायला लावणं आणि एका सुरात बोलायला लावणं हे सेन्सॉरचं काम नव्हे, असं मदनसाहेबांनी लिहिलं. तारीख परत वाचा. तेव्हा न्यायमूर्तींच्या बदल्या हा रोजचा धाक होता. याच मदनसाहेबांनी १९७० च्या भिवंडी-जळगाव-महाड दंगलींची चौकशी केली होती. तो अहवाल किती जणांनी उघडून पाहिलाय कोण जाणे.

चौकशी आयोगांवरून न्यायमूर्ती लेंटिन आठवतात. १९८६ मध्ये जे.जे. हॉस्पिटलमध्ये ग्लिसरॉल दिल्यावर १४ पेशंट दगावले, कारण त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. लेंटिन यांनी औषध खरेदीच्या फायलींपासून मंत्र्यांच्या केबिनपर्यंत माग काढला. आज कुठे खोकल्याच्या औषधाने मुलं दगावल्याची बातमी आली की त्यात तेच रसायन निघतं, आणि मला दरवेळी तो अहवाल आठवतो. चार्ज घेणाऱ्या प्रत्येक ड्रग इन्स्पेक्टरला तो सक्तीने वाचायला लावला असता तर?

निवृत्तीनंतरच्या कामाबद्दल फार लिहीत नाही, नाहीतर ही पोस्ट संपायची नाही. चंद्रशेखर धर्माधिकारींनी डहाणूच्या पर्यावरण प्राधिकरणाची धुरा दीर्घकाळ वाहिली, तारकुंडे राजीनामा देऊन नागरी हक्कांच्या चळवळीत उतरले, नरेंद्र चपळगावकर २०२३ मध्ये वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. चपळगावकरांचा फायदा हा की त्यांनी कायदा आणि न्यायमूर्ती या दोन्हींबद्दल मराठीत लिहिलं. बाकीच्यांचं सगळं इंग्रजीत अडकलंय.

खरी गोम तिथेच आहे. मुंबई हायकोर्टाच्या वेबसाइटवर अलीकडच्या काही निकालांची मराठी भाषांतरं टाकली जातात, चांगली गोष्ट आहे. जुन्या निकालांना मात्र कोणी हात लावत नाही. पिन्हींचा निकाल तसा छोटा आहे, आयएलआर (इंडियन लॉ रिपोर्ट्स) ९ मुंबई, पान ५२९ वर सुरू होतो, एका बैठकीत वाचून होतो. मदनसाहेबांचा बराच मोठा आहे, पण त्यातली निवडक पानं काढता येतील. बोस यांचा तर एक परिच्छेद पुरे. लॉ कॉलेजांतल्या मास्तरांना विनंती आहे, मूट कोर्टाच्या (लुटुपुटूच्या खटल्यांच्या) ट्रॉफीतून थोडा वेळ काढून शेवटच्या वर्षाच्या पोरांना हे प्रोजेक्ट म्हणून द्या. कोणी आधीच करत असेल तर कमेंटमध्ये कळवा, प्रूफं तपासायला मी आनंदाने बसेन. आणि पुढच्या रेफरन्सला बोलायची पाळी ज्यांच्यावर येईल, त्यांनी कृपा करून एक सायटेशन, म्हणजे एखाद्या निकालाचा नेमका संदर्भ, सोबत न्यावं.