बाईंची गादी

गेल्या मंगळवारी आमच्या महाविद्यालयाच्या कौशल्य प्रयोगशाळेत एका रबरी बाईने मला 20 पैकी 7 गुण देऊन नापास केले, आणि ते दुःख अजून माझ्या मनगटांत ठणकते आहे. परीक्षा छातीदाबाची, म्हणजे हृदय बंद पडलेल्या रुग्णासाठी करायचा उपचार पुतळ्यावर करून दाखवण्याची होती: मिनिटाला 100 ते 120 दाब, प्रत्येक दाब किमान 5 सेंटिमीटर खोल पण 6 च्या पुढे नाही, आणि 30 दाबांमागे 2 श्वास. मी घामाघूम झालो, पण पडद्यावरची रेघ साडेतीनच्या पुढे सरकली नाही.

या निकालाचे खरे मानकरी प्रयोगशाळेचे मामा. किल्ली त्यांच्याकडे, नोंदवही त्यांच्याकडे, आणि पुतळ्याला ते ‘बाई’ म्हणतात, तेही आदरार्थी बहुवचनात. परीक्षेआधी त्यांनी माझे घड्याळ उतरवले, नखे तपासली आणि मग मला आपादमस्तक न्याहाळले.

“वजन किती, डॉक्टर?”

“अठ्ठ्याहत्तर.”

“मग बेताने घ्या. मागच्या तुकडीतल्या एकाने बाईंची बरगडी सैल केली. भरून कोण देणार?”

खऱ्या रुग्णाची बरगडी मोडली तरी दाब थांबवायचा नसतो, असे आम्हाला शिकवले आहे, हे मी नम्रपणे सांगितले.

“रुग्ण रोज नवे येतात,” मामा शांतपणे म्हणाले. “बाईंसाठी निविदा काढावी लागते.”

यावर काय बोलणार? शिवाय बाईंचे घराणेही मोठे. 1960 मध्ये नॉर्वेतील ओस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्या उद्योजकाने या जातीची पहिली बाहुली बाजारात आणली, आणि तिला चेहरा दिला तो सीन नदीत बुडालेली म्हणून सांगितल्या जाणाऱ्या एका अनामिक पॅरिसकर तरुणीच्या मुखवट्याचा. त्या चेहऱ्यावर मंद स्मित आहे. इतरांना ते गूढ वाटत असेल; मला मंगळवारपासून ते कुत्सित वाटते.

खोली का भरत नाही, याचा उलगडा परीक्षा संपल्यावर झाला. चादर सरकली आणि बाईंखाली चांगली चार बोटे जाड कापसाची गादी दिसली. पुतळ्यातला संवेदक छाती पाठीच्या दिशेने किती दबली एवढेच मोजतो. माझा उरलेला जोर त्या गादीने गिळला होता. वॉर्डात याच कारणासाठी रुग्णाच्या पाठीखाली फळी सरकवतात.

“टेबल फार कडक आहे हो,” मामा म्हणाले. “बाई दिवसभर पडून असतात.”

मामांवर मला रागावताही येत नाही. दीडशे विद्यार्थ्यांमागे दोन बाया, त्यातली एक कायमची दुरुस्तीला. बिघडली तर जाब मामांनाच द्यावा लागतो. श्वास घेणारा, डोळे मिचकावणारा लाखो रुपयांचा जो पुतळा आतल्या खोलीत आहे, त्याचे प्लास्टिक फक्त तपासणी पथक येते तेव्हा निघते. चुका बाहुलीवर करा, माणसावर नको, यासाठी हा सारा खटाटोप. आणि आमच्याकडे मात्र चूक करण्याचीच परवानगी नाही. मग पहिली चूक आम्ही करायची ती रात्रपाळीला, कोणाच्या तरी आजोबांवर.

फेरपरीक्षेला गादी काढावी, असा रीतसर अर्ज मी काल मामांकडे दिला. त्यांनी तो वाचला, नीट चौघडी केली आणि बाईंच्या मानेखाली सरकवला. उशी धुवायला गेली आहे म्हणे.