टेम्पीच्या अपघातात सेन्सर आंधळे नव्हते

अ‍ॅरिझोनातील टेम्पी येथे १८ मार्च २०१८ च्या रात्री उबरच्या स्वयंचलित चाचणी-मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या महिलेचा बळी घेतला. 'अंधारात सेन्सरना ती दिसलीच नाही' हा त्याविषयी फिरणारा दावा चुकीचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासानुसार रडारने तिला धडकेच्या ५.६ सेकंद आधीच टिपले होते. लायडर हा अंतर मोजणारा सेन्सर तर स्वतःच लेझर किरण सोडतो, त्याला अंधाराचे काय! घोटाळा झाला तो ओळखण्यात: प्रणाली तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी 'इतर' ठरवत राहिली आणि प्रत्येक बदलाबरोबर तिच्या हालचालीची आधीची नोंद बाजूला पडत गेली. क्रॉसिंगखेरीज अन्यत्र पादचारी असू शकतो, हे रचनेत गृहीतच धरलेले नव्हते. शिवाय उबरने चाचणीसाठी वापरलेल्या व्होल्व्हो मोटारीची मूळ आपत्कालीन ब्रेकयंत्रणा त्या वेळी बंद ठेवलेली होती.