कचेरी पाडा, पण मोर्चा कुठं गेला होता तेही सांगा

आमच्या तालुक्याची जुनी मामलेदार कचेरी, म्हणजे तहसील कार्यालय, पाडायची चर्चा पुन्हा सुरू झालीय. तालुक्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. सातारा-सांगलीकडच्या कुणालाही हे आपल्याच गावाबद्दल वाटेल.

पाडा म्हणणारे म्हणतात, गळकी इमारत, वर गुलामगिरीची खूण, कशाला ठेवायची? राखा म्हणणारे त्याहून भारी. "इंग्रजांचं काम बघा, अजून दगड हलला नाही!" अहो, दगड आपल्या डोंगरातला, घडवला आपल्या पाथरवटांनी, चुना मळला आपल्या बैलांनी घाण्यावर, आणि पैसा आपल्याच शेतसाऱ्याचा. साहेबाची फक्त कागदावर सही. त्या सहीचं कौतुक करायला मी ही पोस्ट लिहीत नाहीये.

१८४८ साली साताऱ्याचे छत्रपती आप्पासाहेब महाराज वारले, त्यांचं दत्तकविधान कंपनी सरकारनं मानलं नाही आणि साताऱ्याचं राज्य खालसा झालं. त्यानंतर हा मुलूख चालला तो असल्या कचेऱ्यांतून. एकाच छपराखाली खजिना, कोठडी आणि दप्तर. आमच्या कचेरीत अजून पाहायला मिळतं: डावीकडं जाड भिंतीची खजिन्याची खोली, उजवीकडं गजाचं दार, मधे मामलेदाराची सदर आणि बाहेर लांब पडवी. सारा भरायला आलेला माणूस त्याच पडवीत उकिडवा बसायचा, आणि सारा थकलेलाही तिथंच. राज्य म्हणजे काय, हे आपल्या पणजोबांना राणीच्या फोटोवरून कळलं नसेल, या पडवीवरून कळलं असेल.

म्हणूनच १९४२ ला लोक चालत गेले ते कचेऱ्यांवर. ३ सप्टेंबरला तासगावच्या मामलेदार कचेरीवर तिरंगा लागला. ९ सप्टेंबरला वडूजला मोर्चा गेला आणि पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मा झाले. दुसऱ्याच दिवशी इस्लामपुरात उमाशंकर पंड्या आणि विष्णू बारपटे पडले. पंड्या किर्लोस्करवाडीचे इंजिनिअर होते. (तेव्हा सांगली जिल्हा नव्हता, हे सगळं साताऱ्यातच. दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ ला आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये.) पुढं प्रतिसरकार, म्हणजे इंग्रजांना न जुमानता लोकांनी चालवलेलं स्वतःचं सरकार, उभं राहिलं ते याच मुलखात. लोकांनी स्वतःचे न्यायनिवाडे गावात सुरू केले, म्हणजे कचेरीची पायरी चढायचंच सोडलं.

आता सांगा, गुलामगिरीची खूण ती कुठली? ज्या दारावर माणसं छातीनं गेली ते दार पाडायचं, आणि चौकात हुतात्मा स्तंभ उभा करून वर्षातून एकदा हार घालायचा! शाळेतल्या पोरानं विचारलं, "मोर्चा गेला कुठं होता?" तर पार्किंगकडं बोट दाखवायचं?

इमारतीइतकीच काळजी आतल्या कागदांची. साताऱ्यात जुन्या राजवाड्यातल्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला एका मुलाचं नाव रजिस्टरात चढलं, भिवा रामजी आंबेडकर. ते पान जपलं गेलं म्हणून आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस आहे. आमच्या कचेरीत लाल रुमालात बांधलेली दप्तरं आहेत, त्यातली काही मोडी लिपीतली. मागच्या वेळी रंगकाम निघालं तेव्हा ती आठवडाभर पडवीत होती, वर ताडपत्री. मी दोनदा विचारायला गेलो. "साहेब मीटिंगला गेलेत."

लोक म्हणतात, इमारत धोकादायक झालीय. झालीय, पण केली कुणी? चुन्याच्या भिंतीला मधे कधीतरी सिमेंटचा गिलावा मारला. चुन्याच्या भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट लागते. सिमेंटनं ती बुजली, ओल आत कोंडली आणि आता पापुद्रे निघतायत. वरून कौलांवर पत्रे टाकले, ते उन्हाळ्यात तापतात आणि पावसात पन्हाळीशी गळतात. मग म्हणायचं, जुनं बांधकाम टिकत नाही.

नवीन इमारत हवीच. खातेदार वाढलेत, म्हाताऱ्या माणसांना जिना नको, बायकांसाठी धड स्वच्छतागृह नाही, हे सगळं मान्य. ती मागच्या मोकळ्या जागेत बांधा. पण जुनीचं म्युझियम करून कुलूप लावू नका. सेतू केंद्र तिथं चालवा, सात-बारा तिथंच द्या. माणसांची ये-जा असली की छप्पर गळाल्याचं निदान कळतं तरी.

आमच्या शेजारचे अण्णा त्याच कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. परवा त्यांना विचारलं, एवढी वर्षं टिकली कशी हो? ते म्हणाले, "अरे, आमच्या वेळेला मिरगाच्या आधी दोन माणसं वर चढायची, कौलं चाळायची. फुटकी काढायची, नवी घालायची. दोन दिवसाचं काम."

मिरगाला अजून दीड महिना आहे.